शटर खाली, व्याज चालू

वाचकांचे प्रश्न : कर्ज, बचत, व्यवहार

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात आमचं कापडाचं दुकान होतं, आजोबांनी काढलेलं. २०२० ची लग्नसराई बंदमध्ये गेली, २०२१ चीही गेली. २०२२ च्या दिवाळीनंतर पप्पांनी गाळा विकला. आता घरात तो विषय निघाला की भांडण होतं. भाऊ म्हणतो, लॉकडाऊननं दुकान खाल्लं, लोकांना उगाच घाबरवलं. माझे मामा एप्रिल २०२१ मध्ये बेड शोधता शोधता गेले. मामी म्हणते, बंद पंधरा दिवस आधी झाला असता तर ते आज असते. पप्पा या वादात पडत नाहीत. एकदाच म्हणाले, "मलाच धंदा जमला नाही." तुम्ही बँकेत कर्ज विभागात होता. कोण बरोबर, सांगाल का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, आधी पप्पांचं बोलू. त्यांना धंदा जमला नाही हे खरं नाही, आणि हे मी त्यांना धीर द्यायला म्हणत नाही. एकतीस वर्षं मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काढली, त्यातली बरीच कापडवाल्यांची सीसी, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसे पैसे उचलायची कॅश क्रेडिट खाती बघण्यात. कापडाच्या दुकानाचं वर्ष लग्नसराई आणि दिवाळी या दोन हंगामांवर निघतं. बाकीच्या महिन्यांत भाडं आणि पगार सुटले तरी पुष्कळ. बस्त्याचा माल संक्रांतीनंतर भरायचा, सुरतेचा, इचलकरंजीचा, साठ-नव्वद दिवसांच्या उधारीवर. पाडवा, अक्षय्य तृतीया करत तो उठवायचा आणि त्या पैशातून व्यापारी पेढ्यांची देणी भागवायची.

आता तारखा बघा. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि मध्यरात्रीपासून देश बंद. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता. आपल्याकडची दुकानं त्याआधी आठवडाभर बंद झाली होती, आणि पाडव्याच्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी आणखी कडक निर्बंध जाहीर केले. दोन्ही वर्षी माल भरलेला, देणं अंगावर आणि दाराला कुलूप. त्या एप्रिलच्या शेवटी लग्नांना परवानगी राहिली ती पंचवीस माणसांत, दोन तासांत उरकण्याची. नियम मोडला तर पन्नास हजार दंड. पंचवीस माणसांच्या लग्नाला मानपानाच्या चाळीस साड्या आणि टॉवेल-टोप्या कोण घेणार? ज्याचे लागोपाठ दोन हंगाम असे गेले, त्यानं वर्ष-दीड वर्ष दुकान टिकवून मग गाळा विकला, तोही स्वतः, जप्तीची वेळ येऊ न देता. हे ज्याला जमलं त्याला धंदा कळत होता.

जून २०२१ मध्ये अशाच एका दुकानात मी स्टॉक तपासायला गेले होते. मालकांनी शटर वर केलं तसा आतून कोंदट वास आला. खालच्या फळीवरच्या धोतरजोड्यांना ओल आली होती, शेल्यांना कसर लागली होती. शालूंची घडी महिनोन्महिने मोडली नव्हती, त्यामुळे जरीची तार घडीवर काळवंडली होती. मालक एकेक शालू उलगडून मला दाखवत होते, गिऱ्हाइकाला दाखवतात तसा, पदर स्वतःच्या हातावर घेऊन. मी त्यांच्या समोर बसून रकान्यात "जुना माल" लिहिलं आणि किंमत निम्मी धरली. बँकेचा नियम तसाच होता. मालाची किंमत कमी झाली की सीसीतून उचलता येणारी रक्कमही कमी होते. म्हणजे दुकान बंद ठेवण्याचा हुकूम पाळला म्हणून माल जुना झाला, आणि माल जुना झाला म्हणून त्यांचं कर्ज आवळलं गेलं. खाली सही माझी. ती सही मला आजही खुपते.

"हप्त्यांना सवलत दिली होती की," असं पुष्कळ लोक म्हणतात. ती सवलत काय होती ते आकड्यांत बघा. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ता न भरण्याची मुभा दिली. व्याज मात्र चालू होतं. दहा लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी असेल, तर सहा महिन्यांचं सरळ व्याज ५५,००० रुपये. व्याजावर व्याज धरलं तर साधारण ५६,२७५. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना केंद्रानं दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी या दोन रकमांमधला फरक भरून दिला. म्हणजे दहा लाखांवर साधारण पावणेतेराशे रुपये. उरलेले पंचावन्न हजार कर्जदाराच्याच डोक्यावर राहिले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयानंही सांगितलं की व्याजावर व्याज नको, पण सगळं व्याज माफ होणार नाही. बँकेलाही ठेवीदारांना व्याज द्यायचं असतं, हे मी कर्ज विभागात असल्यामुळे जाणते. म्हणूनच तो पैसा बँकेनं सोडायचा नव्हता, सरकारी तिजोरीतून यायला हवा होता.

नोकरांचंही तसंच. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहखात्यानं आदेश काढला की बंदच्या काळात मालकांनी कामगारांचा पूर्ण पगार द्यावा, कपात करू नये. गल्ल्यात भवानी नाही आणि पगार पूर्ण! त्यासाठी मालकाला एक रुपयाही दिला नव्हता. पन्नास-एक दिवसांनी तो आदेश मागे घेतला गेला. माझ्या ओळखीच्या कितीतरी दुकानदारांनी तोवर बायकोचे दागिने ठेवून नोकरांना पैसे दिले होते. पुढच्या वर्षी राज्यानं ५,४७६ कोटींचं पॅकेज आणलं. नोंदणी असलेले फेरीवाले, नोंदणी असलेले बांधकाम मजूर आणि परवाना असलेले रिक्षावाले यांना दीड दीड हजार रुपये. द्यायलाच हवे होते. पण तुमच्या दुकानात गादीवर बसून साड्या दाखवणारे दोन नोकर यातल्या कुठल्या यादीत होते? कापड दुकानातल्या नोकराची नोंदणी असते कुठे? आणि आदल्या वर्षी तर ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, ते पायी निघाले. ८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे निघाले होते, मध्य प्रदेशात घरी जायला.

आता भाऊ आणि मामी. मामींचं दुःख आकड्यांनी खोडून काढता येत नाही, आणि माझ्या मते खोडण्यासारखं त्यांच्या म्हणण्यात काही नाही. त्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी लोक गाडीत माणूस घालून तीन तीन जिल्हे फिरत होते. "उगाच घाबरवलं" हे भावानं मामींसमोर पुन्हा म्हणू नये. दुकान मात्र बंदनंच गेलं, हे मामींनीही मान्य करावं. बंद सगळ्यांच्या जिवासाठी होता, तर त्याची किंमतही सगळ्यांनी वाटून घ्यायला हवी होती. माझ्यासारख्या पगारदारांचा पगार त्या दोन वर्षांत एकदाही चुकला नाही. माझ्या वाट्याचं तुमच्या पप्पांनी भरलं. ते त्यांना माझ्यातर्फे सांगा.

प्रश्न : मित्रांत नेहमी वाद होतो की स्वीडननं लॉकडाऊन केला नाही आणि त्यांचं काही बिघडलं नाही. आपण बंद केलं नसतं तर अर्थव्यवस्था वाचली असती का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : थोडी वाचली असती. मित्रांना वाटते तेवढी नाही.

शिकागो विद्यापीठातल्या ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हरसन या दोघांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल फोनच्या नोंदींवरून दुकानांतली वर्दळ मोजली. एका बाजूला बंदी आणि लगतच्या हद्दीत बंदी नाही, अशा शेजारच्या ठिकाणांची त्यांनी तुलना केली. वर्दळ एकूण ६० टक्क्यांनी घटली होती आणि त्या साठांपैकी जेमतेम सात सरकारी हुकमामुळे होते. बाकीचे लोक भीतीनं स्वतःहून घरी बसले होते. हे आपल्याकडे जसंच्या तसं लावू नका, कारण आपला पहिला बंद त्यांच्यापेक्षा कितीतरी कडक होता आणि चार तास आधी सांगून केलेला होता. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरलं. बांधकाम तर निम्म्यावर आलं. वाढली ती फक्त शेती, ३.४ टक्के. तरीही दुकान उघडं असतं तर गिऱ्हाईक आलंच असतं, असं धरून चालू नका. त्या एप्रिलमध्ये बस्ता बांधायला एसटीनं कोण गेलं असतं?

स्वीडनबद्दल दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०२० मध्ये तिथं नॉर्वे आणि फिनलंडपेक्षा कितीतरी जास्त माणसं गेली, आणि त्या डिसेंबरात खुद्द त्यांचे राजे म्हणाले की आपण अपयशी ठरलो. पुढे दोन-तीन वर्षांचा एकत्र हिशेब लागला, तेव्हा जादा मृत्यूंच्या बाबतीत तो देश युरोपात खालच्या क्रमांकांत दिसला. पण तुमच्या मित्रांना हेही सांगा : तिथं आजारपणाच्या पहिल्या दिवशी पगार कापला जायचा, ती कपात सरकारनं मार्च २०२० पासून भरून दिली. शिंका यायला लागल्या तर माणूस घरी राहू शकत होता, कारण घरी राहिलं म्हणून चूल विझत नव्हती. ब्रिटननं तर कडक बंद केला, पण सप्टेंबर २०२१ पर्यंत घरी बसवलेल्या नोकरदारांच्या पगारातला ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत, सरकार भरत होतं. आपण तेवढे श्रीमंत नाही, मान्य. पण दुकान बंदच्या काळात निदान गाळ्याचं भाडं, वीजबिलाचा स्थिर आकार आणि कर्जाचं व्याज एवढं तरी वाटून घेता आलं असतं. स्वीडनचं उदाहरण द्यायचं तर त्या पगारासकट द्यावं.

प्रश्न : दुकानं बंद करताना सरकारनं वापरलेला साथरोग कायदा १८९७ चा आहे. इंग्रजांच्या त्या कायद्यात नुकसानभरपाईचा विचारच नसणार ना?
— कायद्याची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मी तो मुद्दाम काढून वाचला. मूळ कायदा चार कलमांचा आहे, दोन पानांत संपतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तो पसरू नये म्हणून फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईनं केलेला. पुण्यात त्या काळात घरझडत्यांच्या नावाखाली काय झालं आणि २२ जूनला रँडचं काय झालं, हे आपण शाळेत शिकलो. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.

पण कायद्याचं दुसरं कलम नीट वाचा. साथ रोखण्यासाठी राज्य हवे ते नियम करू शकतं, असं म्हटल्यावर तिथंच पुढे लिहिलंय की त्यापायी झालेला खर्च, भरपाई द्यायची असल्यास तीही धरून, कुणी आणि कशा रीतीनं भरायचा हे राज्य ठरवू शकतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याचं कलम १३ सांगतं की मोठ्या आपत्तीत कर्जफेडीत सवलत किंवा सवलतीचं नवं कर्ज देण्याची शिफारस राष्ट्रीय प्राधिकरण करू शकतं. दोन्हीकडे शब्द "शकतं" असा आहे, "द्यावं" असा नाही. तुम्ही कायदा शिकताय, तर प्रबंधासाठी हाच एक शब्द घ्या. आणि लिहायला बसण्याआधी महाद्वार रोडवरच्या चार-सहा दुकानदारांच्या २०२० आणि २०२१ च्या रोजकीर्दी मागून बघा. बहुतेक जण देतील. इतक्या वर्षांत त्या कुणी मागितलेल्याच नाहीत.