मोठ्या प्लेटांसाठी नावाजलेल्या पास्ता रेस्टॉरंटमध्ये चौघांसाठी किती मागवावे?

आपण लिहिले आहे की, गोव्यात तीन-चार शाखा असलेल्या आणि भरघोस प्लेटांसाठी नाव झालेल्या एका पास्ता रेस्टॉरंटच्या पणजीतील शाखेत आपण आई-वडिलांना आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन जाणार आहात. आई-वडिलांनी पास्ता आजवर कधी खाल्लेला नाही, आणि चौघांसाठी किती मागवावे याचा आपल्याला अंदाज येत नाही. उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो: चौघांत दोन प्लेटा पुरतात, आणि त्याही एकदम सांगू नयेत, पहिली संपत आली की दुसरी सांगावी.

मी फोंड्याला राहतो. आपण ज्याचे वर्णन केले आहे तशाच एका रेस्टॉरंटच्या पणजी आणि मडगाव येथील शाखांत मी गेल्या चार वर्षांत आठ-दहा वेळा गेलो आहे, बहुतेक वेळा घरच्या मंडळींसह. पहिल्यांदा गेलो ते बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला. आम्ही पाच जण होतो, म्हणून पाच प्लेटा सांगितल्या, शिवाय गार्लिक ब्रेड. प्लेटा आल्या तेव्हा टेबलावर पाण्याचे पेले ठेवायलाही जागा उरली नाही. बाबांच्या पुढ्यात पांढऱ्या सॉसमधला पेन्ने, म्हणजे आखूड नळ्यांचा पास्ता, आला होता. रुंद, खोलगट थाळी, मध्ये उंच ढीग आणि वर किसलेले चीज. ती थाळी दोन्ही हातांनी किंचित फिरवून पाहत त्यांनी वेटरला विचारले, "हे किती जणांचे आहे?" वेटरने नम्रपणे सांगितले की प्लेट एकाचीच धरली जाते, पण पुष्कळ लोक वाटून घेतात. हे त्याने मागणी घेताना सांगितले असते तर फार बरे झाले असते. पण विचारायला हवे होते ते मीच, हेही खरे.

पुढे जे झाले ते आपल्या आई-वडिलांच्या बाबतीत होऊ नये, एवढ्यासाठी हे उत्तर लिहीत आहे. बाबांच्या पिढीला ताटात अन्न टाकता येत नाही. पानात वाढलेले संपवायचे, हा नियम त्यांच्या अंगात इतका भिनलेला आहे की पोट भरले म्हणून चमचा खाली ठेवणे त्यांना जमत नाही. ते सावकाश खात राहिले. दहा-पंधरा मिनिटांत सॉस आळला, पेन्नेच्या नळ्या एकमेकींना चिकटल्या, आणि काट्याने एक उचलावी तर चार वर येऊ लागल्या. आई दोन घासांनंतर थांबली होती, पण बाबांच्या चेहऱ्यावर वाढदिवसाचा आनंद राहिला नव्हता; समोरचे संपवण्याचे ओझे होते. जेवण चविष्ट होते, दामही वाजवी होते. तरीही त्या दिवशी मी त्यांना सुखाने जेवू घातले असे मला म्हणता येणार नाही.

त्यानंतर माझ्या ध्यानात आले की, अशा ठिकाणची प्लेट म्हणजे आपले ताट नव्हे, ते पातेले आहे. ते मध्ये ठेवायचे आणि त्यातून वाढून घ्यायचे. आपल्या घरात जेवणाचा सारा जीव वाढण्यात असतो: कोणाला किती हवे ते विचारणे, थोडे वाढून पुन्हा आग्रह करणे, नको असेल तर आडवा हात धरणे. भरलेली थाळी थेट पुढ्यात आली की हे सगळे नाहीसे होते. वडीलधाऱ्यांना त्या जागी अवघडल्यासारखे होते, त्याचे निम्मे कारण हेच आहे, असे माझे मत आहे. चवीच्या अनोळखीपणाला आपण उगाच सगळा दोष देतो.

प्लेटा इतक्या मोठ्या का, याचेही उत्तर आहे. इटलीत पास्ता हे पूर्ण जेवण नसते. तो पहिला वाढा असतो, त्याच्यामागून मांस, मासे किंवा भाजी येते. म्हणून तेथे माणशी ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता शिजवतात. १८८० ते १९२० च्या दरम्यान सुमारे ४० लाख इटालियन लोक अमेरिकेत गेले. त्यांतले बहुसंख्य दक्षिण इटलीतले गरीब शेतकरी आणि मजूर होते. गावी ज्यांना सणासुदीलाच मांस मिळत असे, त्यांना तेथे ते रोज परवडू लागले, आणि पास्ता, सॉस, मांसाचे गोळे हे सगळे एकाच थाळीत येऊन ती थाळीच पूर्ण जेवण झाली. मोठ्या थाळ्या मध्ये ठेवून कुटुंबाने वाटून खाण्याची रीतही तेथील इटालियन-अमेरिकन खानावळींनी रुजवली. आपल्याकडची भरघोस पास्ता देणारी रेस्टॉरंटे त्याच वळणाची आहेत. त्यांनी थाळीचा आकार घेतला, पण ती वाटून खायची असते हे सांगायचे अनेकदा राहून गेले.

प्रमाणाचा नेमका अंदाज यावा म्हणून एक अनुभव सांगतो. एकदा एका प्लेटमधला साधारण निम्मा पास्ता उरला, तो आम्ही बांधून घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. डब्याचे वजन वजा करून तो ४१० ग्रॅम भरला. म्हणजे सबंध प्लेट ८०० ग्रॅमच्या आसपास असणार. त्यातून सॉस, भाज्या आणि चीज यांचे ३५० ग्रॅम वजा केले, तरी शिजलेला पास्ता ४५० ग्रॅम उरतो. पास्ता शिजल्यावर वजनाने सव्वादोन पटींच्या आसपास होतो, हे धरले तर त्या प्लेटमध्ये २०० ग्रॅम कोरडा पास्ता होता: इटलीतील दोन माणसांचा वाटा, तोही भरपूर लोणी, मलई आणि चीज यांच्यासह. आपली मुलगी आणि आई-वडील यांचा आहार पाहता दोन प्लेटांतही थोडे उरण्याचाच संभव अधिक आहे.

आता काय मागवावे. पहिली प्लेट टोमॅटोच्या सॉसची असू द्या. आपल्या जिभेला आंबट-तिखटाची ओळख आहे, त्यात लसूण आहे, थोडी मिरची आहे. शिवाय टोमॅटोचा सॉस मलईच्या सॉससारखा लवकर आळत नाही आणि पोटालाही हलका पडतो. बरेच जण वडीलधाऱ्यांना तिखट नको म्हणून अल्फ्रेदोसारखा पांढरा सॉस सुचवतात, आणि माझीही पहिल्या वेळी हीच चूक झाली. रोममध्ये अल्फ्रेदो दी लेलिओ यांनी लोकप्रिय केलेल्या मूळ पदार्थात केवळ लोणी आणि पार्मेजान चीज असते. आपल्याकडे मिळतो तो अमेरिकी वळणाचा, भरपूर मलई घातलेला प्रकार. सवय नसलेल्या माणसाला त्याचे चार-पाच घास छान लागतात आणि मग तो जड होतो. चार-पाच घासच घ्यायचे असतील, म्हणजे दुसरी प्लेट म्हणून, तो अवश्य मागवा. आपल्या मुलीला बहुधा तोच अधिक आवडेल.

आकारांपैकी पेन्ने किंवा पिळाच्या आकाराचा फुसिली निवडा. स्पॅगेटी काट्याला गुंडाळून खाणे पहिल्या दिवशी सर्वांना जमत नाही, आणि चारचौघांत कपड्यांवर सांडेल या धास्तीने माणूस जेवणाकडे लक्ष देऊ शकत नाही. पेन्ने चमच्यानेही खाता येतो. वेटरकडून चमचे मागून घ्या, त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

आपल्या आई-वडिलांना पास्ता कच्चा राहिला आहे असे वाटेल, हे जवळजवळ निश्चित आहे. चांगल्या ठिकाणी तो मुद्दाम दाताला किंचित लागेल असाच शिजवतात. कोरडा पास्ता ड्युरम जातीच्या कठीण गव्हाच्या रव्यापासून होतो. इटलीत १९६७ पासून कायद्याचे तसे बंधनच आहे. हा गहू आपल्याला परका नाही. गोव्यातल्या दुकानांत मिळणारा, उपम्यासाठी घेतात तो पिवळसर बन्सी रवा याच जातीच्या गव्हाचा असतो. बाबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पेन्नेची एक नळी काट्यावर उभी धरून नीट न्याहाळली आणि ते म्हणाले, "म्हणजे ही रव्याचीच शेवई आहे." माझी आजी तांदळाच्या उकडीचे गोळे पितळी साच्यात घालून शेवया पाडत असे आणि त्या नारळाच्या गोड रसाबरोबर वाढत असे, त्या घरातल्या माणसाला पास्ता समजावून सांगण्याचा याहून जवळचा मार्ग मला सापडलेला नाही. उत्तम पास्ताही काशाच्या साच्यातूनच पाडतात, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि सॉस त्याला धरून राहतो. तरीही मऊच हवा असेल तर मागणी देताना "दोन मिनिटे अधिक शिजवा" असे सांगावे. मला आजवर कोणी नकार दिलेला नाही.

आपल्या घरी शिवराक, म्हणजे शाकाहारी, खाणारे कोणी असेल, किंवा आपण सोमवारी अथवा श्रावणात जाणार असाल, तर तीन गोष्टी विचारून घ्या. गोव्यातल्या पास्ता रेस्टॉरंटांत चोरीस (डुकराच्या मांसाचे गोव्याचे मसालेदार सॉसेज) घातलेला पास्ता हमखास असतो, म्हणून शाकाहारी पास्ता वेगळ्या तव्यात करतात का, ते विचारा. सूपमध्ये आणि सॉसमध्ये कोंबडीचे पाणी वापरतात का, तेही विचारा. आणि अस्सल पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे मूळ पार्मेजान चीज, वासराच्या जठरातून मिळणाऱ्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटनेच बनवण्याचा नियम आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हिरवे चिन्ह असलेल्या चीजमध्ये ते रेनेट नसते. म्हणून आपल्या प्लेटवर कोणते चीज किसतात ते विचारणे हा आपला अधिकार आहे. जेवण झाल्यावर हे कळले तर आईला केवढे वाईट वाटेल, याची कल्पना आपण करू शकता.

एकामागून एक मागवण्याचे कारण वर अर्धे सांगितले आहे. पास्ता थांबत नाही. निवताना त्यातला स्टार्च घट्ट होतो, नळ्या उरलेला सॉस शोषून घेतात, आणि मलई आळते. आल्यापासूनची पहिली दहा मिनिटे त्याची खरी चव असते. दोन प्लेटा एकदम आल्या तर दुसरी हमखास निवते. मागणी देतानाच वेटरला सांगून ठेवा की दुसरी प्लेट आम्ही नंतर सांगू. गार्लिक ब्रेड मात्र मागवू नका, कारण रव्यावर मैदा होतो आणि भूक तेथेच मरते. त्याऐवजी एखादे सॅलड घ्या.

उरले तर बांधून घ्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. पण गोव्याच्या दमट हवेत तो डबा गाडीत ठेवून मिरामारला फिरायला जाऊ नका. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे. दुसऱ्या दिवशी कढईत दोन-तीन चमचे पाणी घालून, पांढरा सॉस असेल तर दूध घालून, मंद आचेवर झाकण ठेवून चांगली वाफ येईपर्यंत गरम करावा, म्हणजे सॉस पुन्हा सैल होतो.

वेळ शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी साडेबाराची धरा. संध्याकाळी दयानंद बांदोडकर मार्गावर कॅसिनोंच्या गर्दीमुळे वाहने रेंगाळतात, आणि गाडी लांब लावून वडीलधाऱ्यांना चालत न्यावे लागते. बिलात सेवाशुल्क लावलेले असेल तर ते ऐच्छिक असते, आणि ते काढून टाकायला आपण सांगू शकता.

बसल्याबसल्या वेटरकडून चार रिकाम्या थाळ्या आणि वाढायचा एक मोठा चमचा मागून घ्या. आमच्याकडे आता बाबाच वाढतात. सर्वांना थोडे-थोडे घालून झाल्यावर स्वतःला घेतात, आणि पुरे झाले की पुरे म्हणतात. आपल्याकडे तो चमचा आईच्या हाती द्या. दुसरी प्लेट सांगायची की नाही, ते त्याच ठरवतील.