कागदाला भोक पाडणारा ठिपका

"मी पहिल्यापासून शांत. घरात, ऑफिसात कुणालाही विचारा. मग हल्ली मला एवढा राग का येतो? आतला तोलच गेलाय माझा. तेवढा राग काढून टाकता येईल का?"

हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचा असतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मागणी तीच. आज त्यांतल्या एकीबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे.

त्या चाळिशीच्या आसपासच्या. एका कचेरीत हिशेबाचं काम करतात. घरी वडिलांचं दीर्घ आजारपण, धाकट्या बहिणीचे रोज रात्री तासभर चालणारे फोन, आणि सहकाऱ्यांचं अडलेलं काम "जरा बघता का?" म्हणून यांच्याच टेबलावर. महिन्याभरात दोनदा त्या मुलावर इतक्या जोरात ओरडल्या की तो खोलीत जाऊन दार लावून बसला. त्या दाराचा आवाज त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

त्यांनी ऑनलाइन एक चाचणी केली होती, "तुमचं तत्त्व कोणतं?" अशी. उत्तर आलं होतं पाणी. त्याचा त्यांना अभिमान होता. "ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेते मी," त्या म्हणाल्या. "मग ही आग कुठून आली?"

अशा चाचण्यांना मानसशास्त्राचा आधार नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. पंचमहाभूतं म्हणजे निदान नव्हे. पण मनातलं बोलायला शब्द सापडत नसतात तेव्हा ही पाच चित्रं फार कामाची पडतात, कारण ती आपल्या भाषेत आधीच मुरलेली आहेत. आपण पेटून उठतो, विरघळतो, हवेत असतो, पाय जमिनीवर ठेवा असं बजावतो, आभाळ कोसळलं म्हणतो. हे शब्द कुणालाही शिकवावे लागत नाहीत.

चित्रांकडे वळण्याआधी मी काही साधे प्रश्न विचारले. झोप किती? भूक? सलग दोन आठवडे मन अगदी खाली गेलंय का? जगू नये असं वाटतं का? यातल्या शेवटच्या प्रश्नाला "हो" आलं असतं, तर मी वर्तुळं काढायला लावली नसती, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांशी बोलले असते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायलाही सांगितलं. चिडचिडीमागे शरीर असू शकतं, आणि ते राहून जायला नको. अहवाल ठीक आले.

मग त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांची पाच वर्तुळं काढा. जे सध्या तुमच्यात जास्त वाटतं ते मोठं, कमी वाटतं ते लहान. फार विचार करू नका.

पाण्याने अर्ध्याहून जास्त पान व्यापलं. वायूचं वर्तुळ बंदच होईना, हात फिरत राहिला आणि भोवरा तयार झाला. पृथ्वी उजव्या कडेला, निम्मी कागदाबाहेर गेलेली. तेज म्हणजे नुसता ठिपका. कागद माझ्याकडे सरकवताना त्या म्हणाल्या, "अगंबाई, आकाश राहिलंच. जागाच नाही उरली."

मी कागद उचलला तर तेजाच्या ठिपक्यातून खिडकीचा उजेड दिसला. पेनचं टोक आरपार गेलं होतं. मागच्या वहीच्या पानावरही खळगा पडला होता. मी ते त्यांना दाखवलं. त्या भोकावर बोट ठेवून त्या बराच वेळ गप्प बसल्या.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. त्यांचा भोवरा पाहून मी वायूपासून सुरुवात केली: श्वास हळू, सोडताना लांब, मिनिटाला साधारण सहा. याला आधार पक्का आहे. श्वास सोडताना, मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती कमी होते, म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीर निवळायला लागतं. पण आठवड्याने त्या आल्या त्या जास्तच घाबरलेल्या. "श्वासाकडे लक्ष गेलं की वाटतं, आता अडकणार." काही जणांचं असं होतं. आधीच धास्तावलेल्या माणसाला आतल्या हालचालींकडे बघायला लावलं की धास्ती वाढते. हे मला माहीत होतं आणि तरी मी घाई केली. मी त्यांची माफी मागितली. श्वासाचा व्यायाम जमला नाही म्हणून स्वतःला नापास ठरवणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, त्यांच्यात आणखी एक भर नको होती.

मग पृथ्वीकडे आलो. तैत्तिरीय उपनिषदात उत्पत्तीचा क्रम आकाशापासून सुरू होतो: आकाशातून वायू, वायूतून अग्नी, अग्नीतून पाणी, पाण्यातून पृथ्वी. भारतीय दर्शनांनी याला इंद्रियांची जोड दिली. आकाशाला फक्त शब्द, वायूला शब्द आणि स्पर्श, तेजाला त्यांत रूपाची भर, पाण्याला रसाची. पृथ्वीपाशी गंधही येतो आणि पाचही गुण पुरे होतात. म्हणजे पाचही इंद्रियांच्या हाती लागते ती एकटी पृथ्वी. बावरलेल्या मनाला धरायला असंच काहीतरी लागतं, म्हणून समुपदेशनात मी हा क्रम उलटा घेते, खालून वर.

आज सगळीकडे शिकवला जाणारा एक व्यायाम याच्याशी आश्चर्यकारकरीत्या जुळतो. दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. त्यांनी तो माझ्यासमोर केला. खुर्चीच्या हातावरची निघालेली शिवण त्यांच्या बोटांना सापडली. टाचा जमिनीवर दाबल्या. सातव्या-आठव्या गोष्टीपाशी खांदे आपोआप खाली आले, आणि श्वासही आपोआप लांबला, कुणी न सांगता.

पाण्याचा उपयोग आम्ही अगदी शब्दशः केला. राग चढतोय असं वाटलं की श्वास क्षणभर रोखून चेहऱ्यावर थंड पाणी. पाण्यात बुडी मारताना शरीर जी प्रतिक्रिया देतं तीच इथे जागी होते आणि नाडी मंदावते. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीत, हे रीतसर शिकवतात. हृदयविकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मुलावर ओरडण्याआधीची ती दोन मिनिटं त्यांना यातून मिळाली.

पण राग गेला नाही. जायला नकोच होता. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "हा ठिपका बोलला तर काय म्हणेल?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं. "म्हणेल, बाई, पुरे."

"कुणाला?"

बहिणीचं नाव आलं, मग सहकाऱ्याचं, मग थोड्या वेळाने वडिलांचं, आणि तेव्हा त्या रडल्या. मुलाचं नाव आलंच नाही. ज्याच्यावर ओरडत होत्या, त्याच्याबद्दल त्यांची तक्रारच नव्हती.

इथे मला ठामपणे म्हणायचं आहे. आपण संतुलन म्हणतो तेव्हा बहुतेकदा आपल्या मनात असतं ते निव्वळ विझणं. कुणी चिडू नये, सगळ्यांशी जुळवून घ्यावं, पाण्यासारखं व्हावं. पण भांड्याला काठ नसला तर पाणी सांडत राहतं. त्यांचा तोल आग वाढल्यामुळे गेला नव्हता. काठ नव्हता, आणि तो नाही हे सांगण्याचं काम एकटा राग करत होता. एम्पेडोक्लीझ हा इसवीसनपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक विचारवंत चार मूलतत्त्वं मानायचा, आणि त्यांच्यावर चालणाऱ्या दोन शक्ती: जोडणारं प्रेम आणि वेगळं करणारा कलह. त्याच्या जगाला दोन्ही लागत. मला हे आठवतं ते अशाच माणसांसमोर, ज्यांनी आयुष्यभर फक्त जोडण्याचं काम केलेलं असतं.

म्हणून पुढचं काम राग कमी करण्याचं नव्हतं, एक वाक्य तयार करण्याचं होतं. त्याला तब्बल पाऊण तास लागला. पहिल्या मसुद्यात तीनदा "सॉरी" होतं आणि वडिलांच्या औषधांचं कारण होतं. शेवटी उरलं ते असं: "रात्री नऊनंतर मी फोन घेणार नाही, सकाळी बोलू." त्या ते टाचा जमिनीवर टेकवून पाचदा मोठ्याने म्हणाल्या. पहिल्यांदा आवाज प्रश्नासारखा वर गेला, पाचव्यांदा खाली उतरून थांबला.

बहीण रागावली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, आणि तो वीस मिनिटांत संपला. सहकाऱ्याचं काम अजूनही अधूनमधून यांच्या टेबलावर येतं. वडिलांच्या बाबतीत "नाही" म्हणण्यासारखं काही नव्हतंच. तिथे दुःख होतं, आणि त्याच्याजवळ फक्त बसायचं होतं.

मुलाशी काय बोलू, हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जे झालं तेच सांगा. "मी तुझ्यावर ओरडले, तुझी चूक नव्हती." एवढंच. त्यांनी सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि खेळायला गेला. पण त्या रात्री त्याने दार उघडं ठेवलं.

दोन महिन्यांनी मी पुन्हा कोरा कागद दिला. पाणी अजूनही सर्वांत मोठं होतं, मात्र त्याला स्पष्ट कड होती. पृथ्वी पूर्ण कागदावर आली होती. तेजाचं वर्तुळ नाण्याएवढं आणि रेघ हलकी. मी कागद उलटून पाहिला, मागे काही उमटलं नव्हतं. वायूचा भोवरा थोडा कमी, पण होता. आणि वर, अगदी काठाला, बोटभर रुंदीची एक मोकळी पट्टी आखून त्यांनी तिथे "आकाश" लिहिलं होतं.

"ही रविवारची पंधरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "खिडकीत बसते, कुणाचं काहीच करत नाही. बाकीच्या दिवसांचं अजून जमायचंय."