आकड्यापुढचं अक्षर आधी वाचा

प्रश्न : वय 47. डाव्या स्तनाच्या मॅमोग्राफी-सोनोग्राफीचा रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आला : ‘बायरॅड्स 4ए, सस्पिशस’. सोमवारी डॉक्टरांनी बायॉप्सीची चिठ्ठी दिली, तीवर ‘? सीए ब्रेस्ट’. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. जाऊबाई म्हणतात, सुई लावली की गाठ पसरते.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ‘सस्पिशस’ (संशयास्पद) हा शब्द तुमची गाठ पाहून कुणाला सुचलेला नाही. बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीची वर्गवारी. तिच्या चौथ्या खान्याचं नावच ते. घोळ असा, की हा खाना अवाढव्य आहे. कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांहून जास्त वाटली की त्यात टाकायचं, ते थेट 95 पर्यंत. म्हणून पुढे अक्षर लावतात : 4ए म्हणजे 2 ते 10 टक्के, 4बी 10 ते 50, 4सी 50 ते 95. तुमच्यासारख्या शंभर जणींपैकी नव्वद किंवा जास्त जणींत कॅन्सर निघत नाही. शक्यता शून्य मात्र नाही, म्हणून बायॉप्सी टाळू नका.

चिठ्ठीवर ‘सीए’च्या (म्हणजे कार्सिनोमा, कॅन्सर) आधी प्रश्नचिन्ह आहे, ते घाबरलेल्या डोळ्यांना दिसत नाही. ते निदान नव्हे; तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला विचारलंय, ‘हे आहे का, बघा’. ‘रूल आउट मॅलिग्नन्सी’ (कॅन्सर नाही ना, ते बघा) याचाही अर्थ तोच.

सुईने कॅन्सर अंगभर पसरत नाही. उलट सुईशिवाय ‘गाठ काढूनच टाकू’ असं कुणी म्हटलं, तर सुई आधी का नको, हे जरूर विचारा.

कोअर बायॉप्सीत जागा बधिर करतात, त्या इंजेक्शनची आग काही सेकंद होते. मग सोनोग्राफीत बघत सुईने शेवयांसारखे बारीक तुकडे काढतात. प्रत्येक वेळी स्टेपलरसारखा ‘टक्’ आवाज येतो. तो आधी ऐकवायला सांगा, दचकून हलणं टळतं. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच कळवा, मनाने बंद करू नका. नंतर जागा काळीनिळी पडते. ते बिघडल्याचं लक्षण नाही. सूज वाढतच गेली किंवा ताप आला तर फोन करा. आधीची मॅमोग्राफी झाली असेल तर फिल्म किंवा सीडी बरोबर न्या. तुलनेला जुनं काही नसलं की रिपोर्ट हात राखून लिहिला जातो.

निघण्याआधी दोन गोष्टी ठरवा : रिपोर्ट कोणत्या तारखेला, आणि समजावून कोण सांगणार. पीडीएफ शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर नको, डॉक्टरांच्या वेळेलाच द्या, असं सेंटरला सांगता येतं. तोवर रात्री रिपोर्टमधले शब्द गुगलवर टाकू नका; तिथे 4ए आणि 4सी एकाच पानावर भेटतात.

बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘फायब्रोअ‍ॅडेनोमा’ किंवा ‘फायब्रोसिस्टिक चेंज’ असेल तर ते साधं आहे, कॅन्सर नव्हे. ‘हायपरप्लेशिया’ला (पेशींची जादा वाढ) ‘युज्वल’ (नेहमीची) जोडलंय की ‘एटिपिकल’ (वेगळ्या दिसणाऱ्या पेशींची), ते पाहा. एटिपिकल असेल तर पुढचा सल्ला वेगळा असतो. आणि रिपोर्ट चांगला आला तरी एक विचाराच : ‘सोनोग्राफीत दिसलं त्याच्याशी हा जुळतो का?’ जुळत नसेल तर बायॉप्सी पुन्हा करावी लागू शकते.