'टेकआऊट डबल'ला मराठीत काय म्हणावं?

अमळनेरच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "माझे आबा रेल्वेत होते. भुसावळला अपडाऊन करताना गाडीतच ब्रिज शिकले, आता मला शिकवतात. समोरच्यांनी 'एक बदाम' म्हटल्यावर आपण जो 'डबल' म्हणतो, त्याला ते 'बोल भो'चा डबल म्हणतात. मी मराठीत टिपणं काढते आहे. 'टेकआऊट डबल'साठी 'बाहेर काढणारी दुप्पट' आणि 'ओव्हरकॉल'साठी 'अतिबोली' असं लिहिलं तर चालेल का? आणि डबल तो, ती की ते?"

दोन्ही शब्द लिहू नका. पहिल्यासाठी तर तुमच्या घरातच उत्तम शब्द आहे. ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी एवढंच: या पत्त्यांच्या खेळात दोन-दोन भिडूंच्या दोन जोड्या असतात, आणि पत्ते टाकण्याआधी कोणता रंग हुकूम आणि किती हात करणार याचा लिलाव होतो. हात म्हणजे चौघांनी एकेक पत्ता टाकल्यावर जिंकलेली फेरी. 'एक बदाम' म्हणजे बदाम हुकूम धरून सहाच्या वर एक, असे सात हात करू. 'समोरचे' म्हणजे विरुद्ध जोडी.

आधी 'टेकआऊट' म्हणजे काय ते पाहू, कारण हा शब्द इंग्रजी येणाऱ्यालाही फसवतो. आज टेकआऊट म्हटलं की हॉटेलातलं पार्सल आठवतं. ब्रिजमध्ये त्याचा अर्थ जुना आणि वेगळा आहे. भिडूनं केलेली बोली तशीच राहू द्यायची की ती मोडून दुसऱ्या रंगात जायचं, असा प्रश्न खेळाडूपुढे असतो. राहू दिली तर 'लीव्ह इन', दुसरीकडे नेली तर 'टेक आऊट'. तेव्हा टेकआऊट डबल म्हणजे 'मी डबल म्हटलंय, पण तो तसाच ठेवू नकोस, त्यातून आपल्याला काढ' असा डबल. काढायचंय ते भिडूनं. 'बाहेर काढणारी दुप्पट' म्हटलं की काढण्याचं काम दुपटीकडे जातं आणि कर्ताच बदलतो. 'काढणीचा डबल' असंही कुणी सुचवेल, पण आपल्या भागात काढणी म्हटलं की भुईमूग डोळ्यांपुढे येतो.

आता खुद्द डबलकडे येऊ. ब्रिजच्या लिलावात डबल हा मुळात दंड वाढवायचा पुकारा. समोरच्यांनी झेपणार नाही इतकं बोलून ठेवलं, तर आपण म्हणतो, घ्या आता गळ्यात, दुपटीनं भरा. एक हात कमी पडला तर साधा दंड 50, डबलमध्ये 100. त्यांची बाजू व्हल्नरेबल असेल (म्हणजे त्या डावात त्यांचा दंडही मोठा आणि बक्षीसही) तर 100 आणि 200. पण लिलावाच्या सुरुवातीला, समोरच्यानं नुसतं 'एक बदाम' म्हटलेलं असताना दंडाचा डबल देण्याची वेळ जवळजवळ येतच नाही. एवढ्या लहान बोलीत माणूस बुडत नाही. म्हणजे त्या जागी 'डबल' हा शब्द बिनकामाचा पडून होता. ऑक्शन ब्रिज या जुन्या प्रकाराच्या काळात, 1912-13 च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स ली पॅटन आणि सेंट लुइसमध्ये ब्रायंट मॅककॅम्पबेल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या पडीक शब्दाला नवं काम दिलं: भिडूला बोलायला लावण्याचं. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1925 मध्ये गुणांची नवी पद्धत बसवली आणि आजचा काँट्रॅक्ट ब्रिज रूढ झाला, तोवर हा डबल चांगला रुळलेला होता. नावं मात्र बदलत गेली. कुणी त्याला माहितीचा डबल म्हणे, आणि दंडाच्या डबलला धंद्याचा डबल. एके काळी 'निगेटिव्ह डबल' हे नावही यालाच होतं. पुढे 1957 साली अल रॉथ यांनी ओपनिंग, म्हणजे लिलावातली पहिली बोली, करणाऱ्याच्या भिडूसाठी आणखी एक डबल शोधला. त्याच वर्षी स्पुटनिक आकाशात गेला, म्हणून तो स्पुटनिक डबल झाला, आणि 'निगेटिव्ह' हे जुनं नाव कालांतरानं त्याच्याकडे गेलं. इंग्रजीतसुद्धा या डबलचं नाव ठरायला वेळ लागला, मग मराठीत आपण घाई का करावी?

आता वाटून आलेल्या तेरा पत्त्यांचा एक हात समोर ठेवू (त्यालाही हातच म्हणतात). उजवीकडचा 'एक बदाम' म्हणाला. तुमच्याकडे राजा-गुलामासकट चार इस्पिक, एक्का-राणीसकट चार चौकट, राजासकट चार किलवर आणि बदामाची एकटी दुर्री. एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1 या हिशेबानं 13 गुण. हात बोलण्यासारखा आहे, पण कोणता रंग बोलणार? तिन्ही सारखेच. भिडूचा लांब रंग कोणता ते कळलं तर प्रश्न सुटतो, आणि ते त्यालाच माहीत. म्हणून तुम्ही म्हणता 'डबल'. त्यात तीन गोष्टी आल्या: माझा हात ओपनिंगच्या ताकदीचा आहे, त्यांच्या रंगात माझ्याकडे फार पत्ते नाहीत, उरलेल्या तिन्ही रंगांत तुला आधार आहे. आणि शेवटी, बोल भो.

हे 'बोल' पाळावंच लागतं. नवा खेळाडू इथे घाबरतो. हातात एकही चित्र नाही, सगळ्या दुर्र्या-तिर्र्या, मग त्याला वाटतं पास म्हणून सुटावं. पण तो पास म्हणाला आणि पुढचाही पास म्हणाला की डबल तसाच राहतो आणि समोरचे 'एक बदाम' दुपटीनं खेळतात. सात हात केले की त्यांना 160 गुण. डबल नसता तर 80 मिळाले असते. वर केलेल्या प्रत्येक जादा हाताला 100, व्हल्नरेबल असतील तर 200. त्यापेक्षा चार पत्त्यांचा एखादा किरकोळ रंग बोलणं फार स्वस्त. भिडू अगदी मोकळा होतो तो मधल्या खेळाडूनं बोली केली तर, कारण नवी बोली आली की आधीचा डबल आपोआप पुसला जातो. एरवी पास म्हणायला त्याच्या हातात त्यांच्याच रंगाचे लांब आणि भक्कम पत्ते हवेत. तसे असले तर तो जाणूनबुजून डबल ठेवतो आणि दंड वसूल करतो.

म्हणजे या डबलचा अर्थ दुपटीत नाहीच. आपण घरातून निघताना 'येतो' म्हणतो. कोशात 'येणे' काढून बघणाऱ्याला त्यातलं जाणं सापडणार नाही. दारात पायात चपला घालताना कोण कुणाला म्हणतोय, यावरून ते कळतं. डबलचंही तसंच. पहिल्याच संधीला, लहान बोलीवर, भिडू अजून काही बोललेला नसताना म्हटलेला डबल 'बोल' म्हणतो. चार इस्पिकांच्या वर म्हटलेला, किंवा भिडूनं आपला रंग सांगून झाल्यावर म्हटलेला, बहुतेक वेळा 'भरा' म्हणतो. मधल्या जागांसाठी प्रत्येक जोडी आपापसात ठरवून घेते.

आता शब्द. मी 'बोल डबल' आणि 'दंड डबल' अशी जोडी सुचवतो. 'टेक आऊट' हे आज्ञार्थी रूप आहे, 'बोल'ही आहे. शिवाय 'बोल' म्हणजे उच्चार, वचन. नाम म्हणूनही ते बसतं. आबांचा 'भो' टिपणात आला नाही तरी चालेल, पण शिकवताना जरूर म्हणा. त्या 'भो'मुळे ऐकणाऱ्याला एका झटक्यात कळतं की हे वाक्य समोरच्या संघाला उद्देशून नसून आपल्या भिडूला आहे. ही गोष्ट इंग्रजी नावातही नाही.

एक जपायला हवं. टेबलावर मात्र फक्त 'डबल'. 'बोल डबल' म्हटलं, किंवा एकदा मऊ आवाजात आणि एकदा ठासून म्हटलं, तर तो नियमभंग आहे. मेंढीकोटात भिडूला डोळा मारणं ही लबाडी मानतात, तशीच ही. ब्रिजमध्ये भिडूशी बोलायचं ते ठरलेल्या पुकाऱ्यांतूनच, आणि त्यांचा तुमच्यात ठरलेला अर्थ समोरच्यांनी विचारला तर सांगावा लागतो. स्पर्धांत आता तोंडानं बोलतच नाहीत. बिडिंग बॉक्समधून कार्ड काढून ठेवतात. डबलचं कार्ड लाल, त्यावर फुली. भुसावळच्या गाडीत चार मांड्यांवर रुमाल पसरून चालणाऱ्या डावात अशी सोय कुठली! तिथे आवाज सपाट ठेवणं ही ज्याची त्याची सचोटी होती. मी स्वतः तसल्याच डब्यात शिकलो. एका काकांचा 'डबल' इतका एकसुरी असे की नवख्याला वाटे, हे रागावलेत. ते फक्त प्रामाणिक होते.

'ओव्हरकॉल'चं काम सोपं आहे. समोरच्यांनी बोली उघडल्यावर त्यावर आपण आपल्या रंगाची बोली करतो, ती ओव्हरकॉल. साधारण पाच किंवा जास्त पत्त्यांचा रंग हवा, गुण आठ-नऊपासून चालतात. त्याच 'एक बदाम'वर तुमच्याकडे एक्का, राजा, दश्शी, नव्वी, सत्ती असे पाच इस्पिक आणि बाहेर एक चौकटची राणी, एवढंच असलं तरी 'एक इस्पिक' म्हणायला हरकत नाही. गुण नऊच आहेत, पण काय बोलायचं ते तुम्हालाच माहीत आहे, भिडूला विचारायचं कारण नाही. बोल डबल आणि ओव्हरकॉल यांतला फरक मी शिकवताना असाच सांगतो: एकात विचारतो, दुसऱ्यात सांगतो. (हात सतरा-अठराच्या पुढचा असेल तर आधी डबल म्हणून नंतर आपला रंग बोलतात. पण ते टिपणाच्या दुसऱ्या पानावर घ्या.)

'अतिबोली' इथे चुकते, कारण 'अति' म्हणजे प्रमाणाबाहेर. प्रमाणाबाहेर बोलण्याला इंग्रजीत ओव्हरबिड हा वेगळा शब्द आहे आणि तो दोष आहे. ओव्हरकॉलमधल्या 'ओव्हर'चा अर्थ नुसता 'वर'. गंमत अशी की मराठीत बोलताना तो 'वर' आपण वापरतोच: 'त्यांच्या बदामवर मी इस्पिक म्हटलं.' वरचढ, वरताण, वरकडी या शब्दांतही दुसऱ्याच्या पुढे जाणारा हाच 'वर' आहे. म्हणून 'वरबोली' लिहा. 'चढी बोली' मीही काही दिवस वापरून पाहिली, पण लिलावात प्रत्येक बोली आधीच्यापेक्षा चढीच असावी लागते, अगदी भिडूला दिलेलं उत्तरसुद्धा. त्यामुळे तो शब्द काही वेगळं सांगत नाही.

इथे 'बोली' शब्दाबद्दल थोडं बोलल्याशिवाय राहवत नाही. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो ट्रम्प (हुकूमच नाही) अशा पाच पायऱ्या, एक ते सात असे सात मजले, म्हणून ब्रिजमध्ये एकूण बोली 35. पास, डबल, रिडबल (डबलचीही दुप्पट) हे तीन पुकारे त्यात धरत नाहीत. इंग्रजीत त्यासाठीच कॉल आणि बिड असे दोन शब्द आहेत. मराठीत आपण लिलाव पुकारतो आणि बोली करतो, तेव्हा कॉलला 'पुकारा' आणि बिडला 'बोली' हे अगदी नेमकं बसतं. त्यामुळे 'बोल डबल' हा बोल आहे, पुकारा आहे, बोली मात्र नाही. आपल्याकडची जुनी माणसं लिलावाला हर्रास म्हणतात, त्या हर्रासातली बोली आणि अहिराणी बोली, तावडी बोली यांतली बोली एकाच 'बोलणे'तून आली. अडत्यापुढे व्यापारी बोलतो ती फक्त किंमत असते. ब्रिजमध्ये त्याच आकड्यातून भिडूला पानांची खबर जाते, म्हणजे तिथे बोलीचे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मला मराठीतला हा योगायोग फार आवडतो, आणि 'बिडिंग'ला 'बोली' म्हणावं असा माझा आग्रह आहे तो त्यासाठीच.

राहिलं लिंग. 'पास दिला', 'कॉल दिला' यांच्या ओळीत 'डबल दिला' सहज बसतं, म्हणून पुल्लिंगी. 'डबल केलं' म्हणणारेही पुष्कळ आहेत; तिथे 'डबल' हे नाम न राहता 'दुप्पट केलं'सारखं क्रियेला जोडलं जातं, त्यामुळे तेही चूक नाही. 'दुप्पट दिली' मात्र मी टेबलावर कधी ऐकलेलं नाही. वरबोली अर्थातच ती.

आबांना माझ्यासाठी एक विचारा. त्यांच्या डब्यात 'बोल भो' होता, तर दंडाच्या डबललाही काही नाव असणारच. काय म्हणत असत?