छोट्या ऑफिसच्या मेल सर्व्हरसाठी कोणता स्पॅम फिल्टर घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंगणा एमआयडीसीत युनिट, २५ मेलबॉक्स, स्वतःचा पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर आणि रोज सकाळी कचऱ्याचा ढीग. स्पॅमअसॅसिन लावू, आरस्पॅमडी लावू (दोन्ही फुकटचे फिल्टर), की क्लाउडवाल्यांना महिन्याचे पैसे भरून मोकळा होऊ?

आधी मीच तुम्हाला विचारतो. ज्या मेलबद्दल फिल्टरला स्वतःलाच खात्री नाही, तो मेल तुमच्याकडे रोज कोण बघणार? निवड त्यावर ठरते.

हे मी मार खाऊन शिकलोय. नागपुरात छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणं हाच माझा धंदा. बुटीबोरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्यांकडे मी स्पॅमअसॅसिन बसवलं होतं. त्यात प्रत्येक मेलला गुण मिळतात, आणि मूळ सेटिंगमध्ये ५ गुण झाले की मेल स्पॅम. मालकांची रोजची कटकट थांबावी म्हणून मी तो आकडा साडेतीनवर आणला, आणि वर शहाणपणा असा की असे मेल परस्पर उडवून टाकायला लावले. पंधरा दिवस वाहवा झाली. मग फोन आला, "काहून हो, ते म्हणून राहिले का कोटेशन मागवलं होतं, आपल्याकडे त मेलच नाही आला!" लॉग काढला. समोरच्या परचेसवाल्याने अख्खं पत्र स्कॅन करून नुसतं चित्र जोडलेलं, मजकूर कोरा, आणि विषयात मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'अर्जंट'. गुण ४.१. फिल्टरने सांगितलं तेच केलं, गाढवपणा माझा. मेल उडवलेला असल्यामुळे परत काढूनही देता येईना.

तेव्हापासून माझ्या सर्व्हरवर मेल गुपचूप गायब होत नाही. शंभर टक्के कचरा असेल तर दारातच, म्हणजे मेल ताब्यात घेण्याआधीच नाकारायचा. पाठवणारा खरा माणूस असेल तर त्याच्या सर्व्हरकडून त्याला परतीची सूचना मिळते आणि तो फोन तरी करतो. शंका असेल तर जंक फोल्डर. आधी घ्यायचा आणि मग परत पाठवायचा, हे मात्र करू नका. स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा खोटाच असतो, त्यामुळे तुमची परतीची पत्रं भलत्याच माणसाच्या माथी जातात आणि तुमचाच आयपी काळ्या यादीत बसतो.

दारातच निर्णय घ्यायचा म्हणून नवीन मांडणीत मी आरस्पॅमडी लावतो. ते पोस्टफिक्सला मिल्टर म्हणून, म्हणजे मेल ताब्यात घेतानाच तपासणारा जोड म्हणून, जोडलं जातं. मूळ सेटिंग समजूतदार आहे: ४ गुणांना मेल थोडा वेळ थांबवतो, ६ ला स्पॅमचा शिक्का मारतो, १५ झाले तरच नाकारतो. शिक्का बसलेला मेल जंकमध्ये टाकायचा नियम मात्र डव्हकॉटच्या (मेलबॉक्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) सिव्हमध्ये, म्हणजे मेल वाटपाच्या नियमांत, तुम्हाला लिहावा लागेल. वेब पॅनेलवर कोणत्या मेलला कशाचे किती गुण पडले ते दिसतं, म्हणजे मालकांसमोर बसून दाखवता येतं. स्पॅमअसॅसिन पर्लमध्ये आहे म्हणून संथ, असं लोक सांगतील. २५ मेलबॉक्सना तो फरक कळणारसुद्धा नाही. ते आधीच नीट चालू असेल तर उखडू नका. फक्त त्याचं बेझ, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा भाग, शिकवा: किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय ते तोंडच उघडत नाही, आणि निम्मे लोक तिथेच कंटाळतात. चांगले मेल तुमचेच द्या. आपल्याकडची मराठी-हिंदी-इंग्रजी खिचडी त्याला दुसरीकडून कुठून कळणार?

खरा कचरा मात्र फिल्टरच्या आधीच कमी होतो. पोस्टफिक्सचं पोस्टस्क्रीन (दारावरचा पहारेकरी) आणि स्पॅमहाउसची झेन यादी (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची काळी यादी), एवढ्यावरच बराच ढीग दारात अडतो. इथे एक खड्डा आहे. सर्व्हरचा डीएनएस (नावांवरून पत्ते शोधणारी सेवा) ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक, असेल तर स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा चूक दाखवणारा कोड परत येतो. यादी लावलीय असं आपल्याला वाटत राहतं. त्याहून वाईट म्हणजे कॉन्फिग ढिसाळ असेल तर तोच कोड 'यादीत आहे' असा वाचला जातो आणि सगळेच मेल नाकारले जातात. सर्व्हरवरच अनबाउंड, म्हणजे स्वतःचा डीएनएस, टाका, पाच मिनिटांचं काम आहे. व्यावसायिक वापराच्या त्यांच्या अटीही वाचून घ्या. जुन्या लेखांतून याद्यांची नावं आंधळेपणाने उचलू नका. सॉर्ब्स २०२४ मध्ये बंद झाली. एएचबीएलने तर बंद झाल्यावरही लोक विचारतच राहिले म्हणून २०१५ पासून सगळ्या जगालाच 'यादीत आहे' म्हणायला सुरुवात केली.

रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव) किंवा एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची नोंद) चुकलं की थेट नकार, असला कडकपणा नको. इतवारीतल्या व्यापाऱ्याचं एसपीएफ कोणी कधी तपासलंय? आणि मेल फॉरवर्ड झाला की बरोबर असलेलं एसपीएफही मोडतं. या गोष्टींचे गुण वाढवा, फाशी देऊ नका. सरसकट ग्रेलिस्टिंगही, म्हणजे प्रत्येक अनोळखी मेल आधी थोडा वेळ थांबवणं, मी बंद केलं. ओटीपी वीस मिनिटांनी आला तर अकाउंटंट सर्व्हर डोक्यावर घेतो.

क्लॅमएव्ही (व्हायरस तपासणारं) लावायचं तर रॅम बघा. एकट्या त्यालाच १ जीबीच्या वर लागते, २ जीबीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) बाकी सगळं गुदमरतं. तिथे मी सरळ धोकादायक जोडण्या, म्हणजे ईएक्सई, जेएस, आयएसओ, झिपच्या आतल्यासुद्धा, बंद करतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे. बघणारा माणूस ऑफिसात आहे, पण त्याला टर्मिनलची भीती वाटते? मग प्रॉक्समॉक्स मेल गेटवे (वेब पॅनेलवरून चालणारा फिल्टर) वेगळ्या मशीनवर सर्व्हरच्या पुढे ठेवा. सॉफ्टवेअर फुकट, पैसे सबस्क्रिप्शनचे. प्रत्येकाला अडवलेल्या मेलची यादी रोज मिळते, आपला मेल आपणच सोडवायचा.

बघणारं कोणीच नाही? मग सर्व्हरचा हट्ट सोडा आणि मेलबॉक्स झोहो, गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे न्या. माझं एक गिऱ्हाईक कमी होईल, होऊ द्या. सर्व्हर ठेवून फक्त फिल्टर क्लाउडचा घेतलात, तर २५ नंबरचा पोर्ट त्या फिल्टरच्या आयपींशिवाय सगळ्यांना बंद करा. नाहीतर स्पॅमवाले जुन्या पत्त्यावर मागच्या दाराने येत राहतात, आणि लोक मला फोन करतात की पैसे भरूनही काही फरक नाही. जुना बॅकअप एमएक्स (मेल घेणारा राखीव सर्व्हर) पडून असेल तर तोही काढा, स्पॅमवाले मुद्दाम तिकडूनच येतात.

"आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट नव्या खात्यावर करा" हा मेल मात्र यातला एकही फिल्टर हमखास पकडणार नाही. डोमेनमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे, बाकी सगळं चोख, एसपीएफसुद्धा पास. अकाउंट्सच्या टेबलावर कागद चिकटवा: खातं बदललं की जुन्या नंबरवर फोन, मग पैसे.

तुमच्या सर्व्हरची रॅम किती आणि डीएनएस कोणता, तेवढं कळवा. आरस्पॅमडीची सेटिंग त्यानुसार सांगतो.