ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर पहिल्यांदा येतोयस तर
अरे सातच्या आत ये, नंतर गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या बाजूला बसायला जागा नसते. येताना ताडगोळे आण पण बोटाने दाबून बघूनच घे, मऊ लागला तर आत गोड पाणी, कडक म्हणजे जून, तो चावत बसशील आणि तेवढ्यात वाद हातचा जाईल. वाद ठरलेलाच, १९८५ चा ‘धुमधडाका’ भारी की १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’. दोन्हीत अशोकमामा आणि लक्ष्या आहेत, त्यामुळे “मी लक्ष्याच्या बाजूने” असलं काही बोलू नकोस, मी बोललेलो, अजून चिडवतात. एकच सीन पकड आणि त्यावर अडून बस. (मी धुमधडाकावाला, असो.) आणि हातात कालाखट्टा गोळा असताना तावातावाने बोलू नकोस बाबा, माझा पांढरा शर्ट गेला त्यात.