"ताई, मी उठसू ना?"

ऑपरेशन ठरलेले पेशंट त्याआधी सगळं समजून घ्यायला माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो. भुलीतून जाग येईल ना? अमळनेर तालुक्यातल्या एका मावशींनी तो सरळ अहिराणीत विचारला, "ताई, मी उठसू ना?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मावशी साठीच्या. पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलेलं. रक्त, ईसीजी, छातीचा फोटो सगळं झालं होतं. साखर तेवढी काठावर. मुलगा फाईल पुढे करत म्हणाला, "रिपोर्ट चांगले आहेत, पण आई चार दिवसांपासून धड जेवत नाही. तुम्हीच समजवा."

मी आधी मावशींना बोलू दिलं. त्यांच्या गल्लीतली एक बाई ऑपरेशनला गेली ती परत आली नव्हती. नेमकं काय झालं होतं, कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, भूल म्हणजे सुई टोचली आणि सोडून दिलं, असं नसतं. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत तुमच्या उशाशी असतात. नाडी, बीपी, श्वास, रक्तातला ऑक्सिजन, सगळ्यावर त्यांचा डोळा असतो. भुलीचं औषध ऑपरेशनभर चालू ठेवावं लागतं. ते बंद केलं की जाग येते." धोका अजिबात नाही, असं मी कुणालाच सांगत नाही, त्यांनाही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की डॉक्टरांना जे माहीत असतं त्याची तयारी त्यांना आधी करून ठेवता येते.

हे ऐकलं आणि मावशींचा हात कमरेच्या पिशवीवर गेला. मी मुलाला चहा आणायला पाठवलं.

पिशवीतून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या निघाल्या. एक मी उघडली. आत पांढरी भुकटी, तपकिरी भुकटी आणि अर्धी मोडलेली गुलाबी गोळी. नाव नाही, चिठ्ठी नाही. गुडघ्यासाठी तीन वर्षांपासून रोज एक. बाजाराच्या दिवशी एक जण विकायला येतो. पुडी घेतली तर कापूस वेचायला जाता येतं, नाही घेतली तर खाटेवरून उठवत नाही. "डॉक्टर माले बोलतीन," त्या हळूच म्हणाल्या. मग मी त्यांचा चेहरा नीट पाहिला. गोल, फुगलेला. हातावर बांगडीच्या वर जांभळे डाग, कातडी कागदासारखी पातळ.

अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं, आणि तो चेहरा, ती कातडी त्याचीच खूण असू शकते. रोज बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. आजारपणात किंवा ऑपरेशनात त्याची गरज एकदम वाढते, आणि तेव्हा ते कमी पडलं तर बीपी खाली कोसळू शकतं. साखर काठावर का होती, याचंही एक कारण तिथे असू शकत होतं. भीतीपोटी मावशी पुडी परस्पर बंद करणार होत्या. त्यात तर जास्त धोका होता.

त्यांना विचारूनच मी भूलतज्ज्ञांकडे गेले. पुडी टेबलावर ठेवली. ते मावशींना एक शब्द रागाने बोलले नाहीत, याबद्दल मला आजही त्यांचे आभार मानावेसे वाटतात. सकाळी आठची कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टिरॉइडची, तपासणी झाली, फिजिशियननी मोजक्या डोसची स्टिरॉइडची गोळी लिहून दिली, ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं.

मुलगा घाबरला. "पुढे ढकललं म्हणजे काही मोठं निघालं का?" हा प्रश्नही नेहमीचा. मी म्हटलं, "भाऊ, जे ऑपरेशनच्या टेबलावर कळलं असतं, ते आज खुर्चीवर बसून कळलं. खडे तीन आठवडे थांबतील, असं सर्जननी पाहून सांगितलंय. मध्ये जोरात दुखलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर मात्र तारखेची वाट न बघता लगेच आणा." त्या तीन आठवड्यांत मावशींनी मिसरीही सोडली, ती सोडताना पुडीपेक्षा जास्त चिडचिड झाली.

उपाशी राहण्याचंही बोलणं झालं. मुलगा म्हणाला, "चहाशिवाय तिचं डोकं उठतं, घोटभर चालेल ना?" दुधाचा चहा पोटात भाकरीसारखाच धरतात, सहा तास आधी बंद. साधं पाणी, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर, दोन तास आधीपर्यंत. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. कारण कळल्यावर मुलाने थर्मास घरीच ठेवला.

तेव्हापासून मी "दुसरं काही औषध घेता का?" असं विचारणं सोडलं. त्याला उत्तर "नाही" असंच येतं. आता विचारते, "गुडघ्याला काय घेता? कंबरेला? झोप येत नसेल तर? बाजारातून, वैदूकडून, शेजारणीकडून काय आणता?"

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मावशींच्या खाटेशी आले. त्यांनी फाईल उघडायच्या आतच मावशी बोलायला लागल्या. पुडी, गोळी, मिसरी, सगळं एका दमात. डॉक्टर स्टूल ओढून बसले आणि लिहू लागले. दुसऱ्या दिवशी स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं. दुपारी मी वॉर्डात गेले तेव्हा मावशी जाग्या होत्या, आणि सून ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसत होती.